पाटाच्या पाण्याचं माहेर

आमच्या श्रीरामपूरकडच्या मळ्यात पावसाळा कसा झाला हे आभाळाकडे बघून ठरत नसे. ते ठरायचं भंडारदऱ्यावरून. जुलै-ऑगस्टात सकाळी पेपर आला की आजोबा आधी धरणाचा आकडा वाचायचे. ११,०३९ हा आकडा मला पाढ्यांच्या आधी पाठ झाला होता. तेवढे दशलक्ष घनफूट म्हणजे भंडारदरा काठोकाठ. पंधरा ऑगस्टच्या आत ते भरलं की आजी सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवायची. आमचा ऊस, गहू, घास, माझी शाळा, माझं लग्न, सगळं त्या पाटाच्या पाण्यावर झालं. आणि वयाची बावन्न वर्षं उलटली तरी ते पाणी जिथून येतं ती जागा मी धड पाहिली नव्हती. शाळेची एक सहल, तीही भिंतीपाशी तासभर.

यंदा भाऊबीजेला आण्णाने विचारलं, "काय पाहिजे ओवाळणीत?" मी म्हटलं, "माझ्याबरोबर भंडारदऱ्याला चालत प्रदक्षिणा घाल." तो ताटातल्या निरांजनाकडे बघत राहिला. एकसष्ट वर्षांचा माणूस, मळा सोडून लग्नाकार्यालाही एका दिवसाच्या वर न थांबणारा. गव्हाची पेरणी तोंडावर होती. मग म्हणाला, "पेरणी पोरगा करील. पण माई, प्रदक्षिणा म्हणजे उजवी. पाणी उजव्या हाताला ठेवायचं."

पहिला दिवस: शेंडी

श्रीरामपूरहून लोणी, संगमनेर, अकोले, राजूर असा एसटीचा प्रवास. म्हणजे पाण्याच्या उलट दिशेने चढत जायचं. लोणीच्या अलीकडे आण्णा खिडकीतून पाटाच्या चाऱ्या दाखवत होता. ओझरच्या बंधाऱ्यापासून प्रवरेचे डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात आणि त्यांनी या भागाचं नशीब बदललं. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली उभा राहिला, तो या पाण्याच्या भरवशावर. अकोल्यानंतर ऊस संपतो, डोंगर सुरू होतात. राजूरला उतरून पेढे घेतले. राजूरचा पेढा खमंग, खरपूस, थोडा रवाळ. वाटेत खायला म्हणून घेतलेला अर्धा किलो धरणाजवळच्या शेंडी गावापर्यंत निम्मा झाला.

दुपारी धरणाच्या भिंतीखाली जाऊन उभे राहिलो. दगडी बांधकाम, २७० फूट उंच. १९१० साली काम सुरू झालं आणि १९२६ साली पुरं झालं. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर विल्सन यांचं नाव त्याला दिलं, पण आमच्याकडे त्याला विल्सन बंधारा म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही. भिंतीतून सोडलेलं पाणी एका गोल खडकावरून छत्रीसारखं पसरतं, तो अंब्रेला फॉल त्या दिवशी बंद होता. मला त्याची हळहळ वाटली. आण्णा मात्र भिंतीला मागून दिलेले टेकू निरखत होता. १९६९ साली भिंतीला तडे गेले आणि पाणी झिरपायला लागलं, तेव्हा ती अशी भक्कम केली. तो तेव्हा अगदीच लहान, पण ती भीती घरात पुढे कितीतरी वर्षं बोलली जात होती. वडील म्हणायचे, त्या साली लोक रात्री झोपताना नदीकडे कान लावून झोपायचे.

मुक्कामाचं मात्र बिनसलं. फोनवर ठरवलेली खोली आम्ही पोचेपर्यंत दुसऱ्यांना दिलेली होती. दिवाळीच्या सुट्टीची गर्दी, जास्त पैसे देणारं गिऱ्हाईक आलं असणार. काठावरच्या तंबूंतून रात्री अकरापर्यंत स्पीकर वाजत होते. अभयारण्य आहे हे, १९८६ पासूनचं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य. मला मनापासून वाईट वाटलं. शेवटी एका चहावाल्या मावशींनी त्यांच्या पडवीत अंथरूण घालून दिलं. पैसे विचारले तर म्हणाल्या, "सकाळी चहा माझ्याकडंच घ्या, झालं."

दुसरा दिवस: मुतखेलवरून कोलटेंभे

मावशींचा चहा घेऊन, नदी ओलांडून दक्षिणेच्या काठाला लागलो. पाणी उजवीकडे. आण्णाने नकळत चपला काढल्या, पाण्याच्या दिशेने हात जोडले आणि पुन्हा घातल्या.

रस्ता सतत काठाने जात नाही. टेकाडामागे जातो, पाणी दिसेनासं होतं, मग एका वळणावर एकदम पुढ्यात येतं. गाडीतून जाताना ही वळणं अर्ध्या मिनिटात संपतात. चालताना एकेका वळणाला वीस मिनिटं लागतात आणि तेवढ्या वेळात डोंगर जागा बदलतात. सकाळी पाण्यावर धुकं होतं, मोजून माणसाच्या उंचीचं. त्यातून एक होडी आली. आधी उभ्या माणसाचं डोकं, मग खांदे, मग जाळं. माणूस धुक्यावर चालत यावा तसं.

मुतखेलला पोहे खाल्ले आणि निघालो. कोलटेंभ्याला दुपारी भातकापणी चालू होती, तिथे आमचा दिवस अडला. मी सांगते, हे बघण्यासाठी तरी या दिवसांत इकडे यावं. पाच-सहा बायका खाचरात ओळीने वाकलेल्या. डाव्या हातात भाताची मूठ, उजव्या हातात विळा, खर्रकन एक आवाज आणि मूठ मागे. चार-पाच मुठींचं एक कडपं, ते कापलेल्या धसांवर आडवं टाकायचं, वाळायला. खाचर पुढून उभं सोनेरी आणि मागून कापलेलं तपकिरी, आणि त्या मधल्या रेषेवर या बायका. मी विचारलं, मी कापू का? एकीने विळा हातात दिला आणि माझा अंगठा धरून वर वळवला. "अंगठा वर ठेवा ताई. खाली राहिला तर भाताच्या आधी तोच जातो." दहा मुठी कापल्या. पात्याच्या बाजूने भाताची पानं इतकी करकरीत असतात की मनगटावर बारीक लाल रेघा उठल्या. ऊसतोड लहानपणापासून पाहिली होती, तिचा घाव खांद्यातून येतो. हे काम मनगटाचं.

हे काळभात होतं. लोंबीवर काळसर झाक, आणि वास असा की उभ्या पिकातूनही येतो. उत्पन्न कमी मिळतं, पाऊस जास्त लागतो, तरी घरी खायला म्हणून लोक थोडं का होईना लावतातच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असंच गावठी बियाणं जपलं, त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं नाव काढल्यावर विळा देणारी बाई म्हणाली, "आमच्या सासूनंबी जपलंय. मडक्यात, राखंत." ते तिने कुठलीही तक्रार न करता सांगितलं, नुसतं माहिती म्हणून.

तिच्याच घरी राहिलो. जेवायला नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी, वालाची आमटी. रात्री अंगणातून तळं दिसत होतं. तिचे सासरे बाजेवर बसले होते. आण्णाने त्यांना विचारलं, बाबा, तुमची जमीन इथलीच का? त्यांनी पाण्याकडे बोट केलं. "चांगली खाचरं तिथं व्हती. आज्याची. आता हे वरचं, उताराचं."

आण्णा पुढे काही बोलला नाही.

तिसरा दिवस: रतनवाडी

चाल थोडी, म्हणून उशिरा निघालो. माझा डावा पाय घासला होता. खुरासणीची पिवळी शेतं उताराउतारावर, आणि त्यावर मधमाश्यांचा इतका घोळ की लांबून शेतच गुणगुणतंय असं वाटावं.

रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर शिलाहार राजा झंझ याच्या काळातलं मानतात. हजारेक वर्षं या पावसात उभं राहणं ही काही साधी गोष्ट नाही. मी भिंतीपासून हातभर अंतरावर उभी राहून पाहिलं तेव्हा कळलं, शिखरावर जी नुसती नक्षी वाटते त्या छोट्या छोट्या शिखरांच्या माळा आहेत, एकाच्या डोक्यावर दुसरं असं वरपर्यंत. खाचांतून शेवाळं अजून ओलं होतं. एका कीर्तिमुखाच्या जबड्यात तर इवलंसं नेचं उगवलं होतं आणि त्याच्या टोकाला पाण्याचा थेंब. जवळच पुष्करणी आहे, भोवती कोनाडे, कोनाड्यांत विष्णूच्या मूर्ती. काठावर बसलं की पाण्यात मूर्ती उलट्या दिसतात.

प्रवरेचा उगम रतनगडावर. समुद्रमंथनातलं अमृत इथे सांडलं आणि तिची धार झाली, म्हणून ती अमृतवाहिनी, अशी कथा. आम्ही गडावर गेलो नाही, आण्णाचे गुडघे आता शिड्या चढत नाहीत. गावाबाहेर, जिथे ओढा अजून नदी झालेला नसतो, तिथवर गेलो. दोन पावलांत ओलांडावं एवढं पात्र, गोट्यांवरून खळखळणारं. आण्णाने चपला काढून पाय सोडले आणि बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. चाळीस वर्षं पाटावर उभा राहिलेला माणूस. नजरेने पाणी मोजणं हा त्याचा रोजचा धंदा. शेवटी म्हणाला, "वावरातला एक दंड चालेल एवढं पाणी आहे हे."

मग त्याने खिशातून प्लास्टिकची छोटी बाटली काढली आणि भरून घेतली. मी काही विचारलं नाही.

चौथा दिवस: साम्रद

रतनवाडी ते साम्रद हा रस्ता जंगलातून जातो आणि सगळ्या फेरीत मला तोच सगळ्यात आवडला. हिरडा, जांभूळ, सादडा, मधेच आंब्याची जुनाट झाडं. एका फांदीवर शेकरूचं काटक्यांचं घरटं होतं, आणि थोड्या वेळाने शेकरूच दिसली. तांबूस पाठ, पिवळसर पोट, आणि शेपूट अंगाहून लांब. तिने या झाडावरून त्या झाडावर अशी उडी घेतली की मधलं अंतर तिला कुणी सांगितलंच नसावं. हिरड्याचं इथल्या घरांना मोठं महत्त्व. बाळहिरडा गोळा करून, वाळवून विकायचा, भातानंतर हाती येणारे रोख पैसे तेच.

साम्रदला सांदण दरी. जमिनीला पडलेली भेग आणि तिच्यात माणसांनी उतरायचं. दोन्ही बाजूंचे कडे दोन-तीनशे फूट उभे, मधली वाट काही ठिकाणी हात पसरले तर दोन्हीकडे टेकतील इतकी चिंचोळी. गावातला एक मुलगा बरोबर आला. पहिल्या पाण्याच्या डोहापर्यंतच गेलो, पुढे कमरेएवढं पाणी होतं. तिथे उभं राहिल्यावर वर आभाळाची फक्त एक निळी फीत दिसते. खाली गारवा असा की दुपारी एक वाजता मी शाल पांघरली. तो मुलगा पदवीच्या पहिल्या वर्षाला, शनिवार-रविवार पर्यटकांना दोर लावून खाली कोकणात उतरवतो. "पावसाळ्यात कुणी पैसे दिले तरी नेत नाही," म्हणाला. पावसात ही भेग भरून वाहते.

संध्याकाळी गावाच्या पठारावरून रतनगड, त्याच्या शेजारचा खुट्ट्याचा सुळका, पलीकडे आजोबाचा डोंगर. त्या मुलाने गडाच्या माथ्यावरचं नेढं दाखवलं. कातळाला आरपार भोक. मला आधी दिसेना, मग नजर स्थिरावली आणि सुईच्या नेढ्यातून दोरा यावा तसा पलीकडचा उजेड दिसला.

पाचवा दिवस: घाटघर, उडदावणे

घाटघरला नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. कोकणातून आलेले ढग पहिल्यांदा याच कड्याला धडकतात, म्हणून इथे पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. आमच्या श्रीरामपूरला पाचशे पडला तर चांगलं वर्ष. एकच जिल्हा, एकच नदी.

कड्यावर उभं राहिलं की पाय आपोआप मागे सरकतात. खाली शहापूर तालुका, चोंढ्याचं पाणी चकाकताना दिसतं. इथला वीजप्रकल्प आण्णाला फार आवडला. २५० मेगावॅटचा. वरच्या तलावातलं पाणी घाटाखाली सोडून वीज करायची, आणि रात्री विजेची मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवायचं. "म्हणजे पाणी खर्चच होत नाही," तो दोनदा म्हणाला. शेतकऱ्याला याच्याहून नवलाची गोष्ट कुठली सांगणार?

हातपंपाशी एक आजी भेटल्या. मी सहज म्हटलं, तुमच्याकडे पाण्याची काय वाण! त्यांनी हंडा खाली ठेवला. "होळीपातुर, बाई. मग बघा येऊन." एप्रिल-मे महिन्यात विहिरी आटतात, झऱ्याला तासतास बसावं लागतं. कातळ सगळा, पडलेलं पाणी मुरत नाही, वाहून खाली जातं. खाली म्हणजे धरणात, आणि धरणातून आमच्याकडे. आण्णा शेजारीच उभा होता. खाली मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाला पाणी सोडायचं म्हटलं की विरोधाला रस्त्यावर उतरणाऱ्यांत तो असतो. २००५ चा समन्यायी पाणीवाटपाचा कायदा त्याला कलमांसकट पाठ आहे, वरच्या धरणांनी खालच्यांना किती द्यायचं याचा हिशोब त्याच्या जिभेवर असतो. आपल्याही वर कुणी आहे, हे त्या हिशोबात कधी आलं नव्हतं. त्याने आजींचा हंडा भरून दिला, उचलून त्यांच्या दारापर्यंत नेला. वाटेत त्यांना विचारत होता, किती घरं, टाकी कधी बांधली, तिच्यात पाणी किती दिवस येतं.

उडदावण्यात ज्या घरी उतरलो तिथे भिंतीवर राघोजी भांगरे यांची तसबीर होती. याच तालुक्यातल्या देवगावचे, महादेव कोळी समाजाचे. सावकार आणि इंग्रजांविरुद्ध उठाव केला, २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली. घरातल्या शाळकरी मुलीने तारखेसकट सांगितलं, खणखणीत आवाजात, उभी राहून. मागच्या दाराने अलंग, मदन, कुलंग हे तीन गड एका रांगेत. संध्याकाळी त्यांचे कडे आधी तांबडे, मग जांभळे झाले.

सहावा दिवस: पांजरे, मुरशेत, परत शेंडी

शेवटचा दिवस उत्तरेच्या काठाने, कळसूबाईच्या पायथ्याशी. १६४६ मीटर, महाराष्ट्रात याहून उंच काही नाही. पण पाण्याच्या बाजूने ती उंची डोळ्यात भरत नाही, डोंगर आईसारखा ऐसपैस बसलेला वाटतो. पांजऱ्याला एका खळ्यावर झोडणी चालू होती. पेंढी डोक्यावरून मागे घ्यायची आणि आडव्या दगडावर हाणायची, दाणे पावसासारखे उडतात. इथेच मे अखेरीस काजवे बघायला गर्दी उसळते. झाडंच्या झाडं एका लयीत लुकलुकतात म्हणे. पुन्हा यावंसं वाटलं, पण ती गर्दी आणि गाड्यांचे दिवे डोळ्यांपुढे आले आणि मन मागे फिरलं.

कोलटेंभं आता पाण्यापलीकडे दिसत होतं. चार दिवसांपूर्वी आम्ही तिकडून इकडे बघितलं होतं. मी ज्या खाचरात दहा मुठी कापल्या ते ओळखायचा प्रयत्न केला. सगळाच उतार आता तपकिरी झाला होता.

तीनच्या सुमारास शेंडीला पोचलो. मावशींनी लांबूनच हाक मारली, "झाली का प्रदक्षिणा?" चहा झाला. आण्णाने बिस्किटाच्या पुड्याच्या कागदावर काहीतरी लिहिलं होतं, घड्या घालून खिशात ठेवलं. एसटीत मी मागून घेतलं. घाटघरच्या त्या वस्तीची घरं, टाकीचं माप, उन्हाळ्याचे दिवस, आणि खाली भागाकार.

डिसेंबरात रब्बीसाठी पाटाचं आवर्तन सुटलं. रात्री साडेनऊला आण्णाचा फोन आला, मागे पाण्याचा आवाज. गव्हाला पहिलं पाणी चालू होतं. रतनवाडीची बाटली त्याने देवघरात ठेवली आहे असं वहिनी सांगत होती.

"माई," तो म्हणाला, "आलं बघ. त्या दोन पावलांच्या ओढ्याचं."

मग थोडा वेळ त्याने फोन पाटाकडे धरला.